पर्समधला चाकू: घ्यावा कसा, वापरावा कसा

दातांनी पाकिटं फाडणं आजपासून बंद करा. माझ्या समोरच्या दाताचा टवका जीरावनच्या (पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला) पुडीवर उडाला. तो नीट करून घ्यायला जेवढे पैसे गेले, तेवढ्यात चांगले दोन चाकू आले असते. किल्लीनं सेलोटेप खरवडणं आणि नखानं सुतळीची गाठ उकलत बसणं हेही सोडा.

मी इंदूरला राजेंद्र नगरात राहते. घरून लोणची, चिवडा, दिवाळीचा फराळ अशी कामं घेते, त्यामुळे दिवसभर काही ना काही उघडणं आणि बांधणं चालूच. पर्समध्ये चाकू असतो म्हटलं की बायका आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "काकू, भीती वाटते का हो?" बाळंतिणीच्या उशाशी चाकू ठेवला तर कुणी काही म्हणत नाही. तोच पर्समधून निघाला की भुवया वर! माझे पणजोबा होळकरांच्या दप्तरात कारकून होते आणि त्यांच्या बंडीच्या खिशात घडीचा चाकू असायचाच. मोडी लिहायची तर बोरू हवा, आणि बोरू म्हटला की तो तासणं आलं: टोक तिरकं छाटायचं, मधोमध चीर द्यायची, झिजलं की पुन्हा छाटायचं. इंग्रजांच्या पेननाइफचं नावही असंच, पिसाची लेखणी तासण्यावरून पडलेलं. कारकुनांच्या खिशातली वस्तू सिनेमातल्या रामपुरीनं बदनाम केली, एवढंच. रामपूरच्या त्या चाकूचं पातं नऊ इंच आणि त्याहून लांब असायचं. त्यानं जाम कापायला बसलात तर हसूच येईल. (जाम म्हणजे पेरू. इंदुरात पेरू मागितलात तर भाजीवाला तुमच्याकडे बघत राहतो.)

चाकू घ्यायच्या आधी आठ दिवस एक वही ठेवा. काही कापायला, फाडायला, उकलायला हात शिवशिवला की लिहायचं. माझ्या वहीत आठ दिवसांत एकतीस नोंदी झाल्या. त्यात पार्सलच्या टेपा नऊ, तेला-मसाल्याची पाकिटं सात, गजऱ्याचा आणि शिवणाचा दोरा पाच, फळं चार. बाकी ब्लाउजपीसची चिठ्ठी, नातीची पेन्सिल, पोत्यांची शिवण, असलं. एकतीसपैकी एकाही कामाला तीन इंचाचं पातं लागलं नाही. तुमची वही वेगळं सांगेल. बागकाम करणाऱ्याला फांद्या निघतील, इलेक्ट्रिशियनला वायरीचं वेष्टण. चाकू वहीप्रमाणे घ्या, दुकानदाराप्रमाणे नको.

सियागंजच्या बाजारात मला एका दुकानदारानं आधी बटणाचा चाकू दाखवला. "आंटीजी, एक झटके में खुलता है!" तोच घ्यायचा नाही, आणि कारण निव्वळ माझ्या आवडीनिवडीचं नाही. मध्य प्रदेशात १९७४ ची अधिसूचना आहे. सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार सार्वजनिक जागी विनापरवाना बाळगता येत नाही, आणि स्प्रिंगनं उघडणारा चाकू तर कुठल्याच मापाचा चालत नाही. म्हणून नखानं खाच धरून, दोन्ही हातांनी उघडायचा साधा चाकू घ्या. पातं दोन ते अडीच इंच. आपली चार बोटं जुळवली की होणाऱ्या रुंदीपेक्षा लांब नको.

दुकानात एवढं बघा. पातं पूर्ण उघडून मूठ घट्ट धरा आणि टोक डावी-उजवीकडे हलवा. खिळ्यापाशी लटपटलं तर परत द्या. बंद करून उजेडासमोर धरा, पातं मधोमध बसलं पाहिजे, एका अंगाला घासता कामा नये. मग चार-पाच वेळा उघडझाप करून आवाज ऐका. चांगल्या चाकूचा आवाज 'टक' असा एकच येतो. खरखर आली तर आत काहीतरी घासतंय. मी पहिला चाकू दीडशे रुपयांना फुटपाथवरून घेतला, यातलं काहीही न बघता. दुसऱ्या महिन्यात खिळा ढिला झाला आणि पातं खुळखुळ्यासारखं वाजायला लागलं.

साध्या घडीच्या चाकूला उघडं पातं अडकवून ठेवणारा खटका नसतो. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, ती पात्याच्या बुडावर दाबून बसते आणि त्या दाबावरच पातं उघडं राहतं. म्हणून टोकानं कधी भोसकायचं नाही. टोक अडकलं आणि तुम्ही जोर लावलात की पट्टी हार मानते आणि पातं तुमच्याच बोटांवर मिटतं. ओढून कापायचं, ढकलून नाही. भोकं पाडायची कामं फार असतील तर अडणीचा, म्हणजे उघडं पातं अडकवून ठेवणारा घ्या. फ्रान्सच्या ओपिनेलला मानेशी एक कडी असते, ती फिरवली की पातं अडकून बसतं.

पोलादाचं म्हणाल तर मी स्टेनलेसवर आहे, कारण माझं काम कैरी-लिंबाचं. साध्या कार्बन पोलादाला धार लवकर येते, पण कैरी कापली की पातं काळंनिळं पडतं आणि फोडीला लोखंडी चव लागते. स्टेनलेस गंजतच नाही हा मात्र गैरसमज. मिठाचा हात लागून रात्रभर तसंच राहिलं तर बारीक ठिपके पडतातच.

सध्या माझ्याकडे स्वित्झर्लंडचा लाल चाकू आहे, भाच्यानं दिलेला. कार्ल एल्झेनर नावाच्या कारागिरानं १८८४ मध्ये ईबाख गावात चाकूंचा कारखाना काढला आणि १८९१ पासून तो स्विस सैन्याला चाकू पुरवायला लागला. शिपायाला दोन कामं असायची, डबाबंद अन्न उघडणं आणि बंदुकीचे स्क्रू काढणं, म्हणून त्यात डबा फोडायचं पातं आणि पेचकसही होता. माझा त्या घराण्यातला सगळ्यात धाकटा, मिटल्यावर ५८ मिलिमीटर. पात्यापेक्षा त्यातली इवलीशी कात्रीच जास्त चालते. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, रिकामी कात्री वाजवू नकोस, घरात भांडणं होतात.

आता वापर. पार्सल उघडताना माझ्या हातून जे झालं ते सांगते. भाचीच्या लग्नासाठी महेश्वरी साडी मागवली होती. खोका समोर ठेवला आणि मधल्या फटीतून झर्रकन चाकू ओढला. वरची घडी पदराच्या काठापासून चार बोटं कापली गेली. चूक सगळी माझी. तेव्हापासून आधी दोन्ही कडांवरची टेप कापते. मग मधल्या फटीवर पातं जवळजवळ आडवं धरून फक्त टोकाचा शेंगदाण्याएवढा भाग टेकवते आणि ओढते. टेप कापली जाते, आतलं शाबूत राहतं. खोका मांडीवर कधी धरायचा नाही, ओटा किंवा जमीन बरी.

पोत्याची शिवण हा माझा लाडका विषय. साखरेच्या, गुळाच्या पोत्याचं तोंड मशीननं साखळी टाक्यानं शिवलेलं असतं. लोक ते मधूनच फराफरा कापतात, मग दोऱ्याचे तुकडे साखरेत पडतात आणि चाळत बसावं लागतं. पोत्याच्या एकेका टोकाला जाऊन बघा. एका टोकाचा पहिला टाका कापून दोरा ओढला की सगळी शिवण सर्रर्र उकलत जाते, अख्खा दोरा हातात येतो. नाही उकलली तर टोक चुकलं, दुसऱ्या बाजूनं करा. तो दोरा गुंडाळून ठेवते, फराळाच्या पुड्या बांधायला होतो.

चाकू दुसऱ्याला देताना मिटूनच द्यायचा. उघडा मागितला तर जमिनीवर ठेवायचा आणि त्यानं उचलायचा. आमच्याकडे हे भांडणाच्या भीतीनं पाळायचे, मी बोटांसाठी पाळते.

धार लावणं मात्र सावकाशीचं काम. आमचे हे पीथमपूरला कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागात होते, त्यामुळे या विषयावर घरात दोन मतं चालत नाहीत. सायकलवरून "चाकू-कैंची तेज करा लो" करत येणाऱ्याला विळी खुशाल द्या, खिशातला चाकू देऊ नका. त्याच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात, बारीक पातं लगेच तापतं, आणि धारेशी निळसर झाक आली की समजायचं, पोलादाचं पाणी उतरलं. तेवढी जागा मऊ पडते, मग कितीही घासा, धार टिकत नाही.

घरी दोन बाजूंचा निसणा ठेवा, एक बाजू भरड, एक बारीक. वापर रोजचा असेल तर बारीकच पुरते. दगड पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही. खरी गोम आहे ती कोनाची. पातं अर्धा इंच रुंद असेल तर रुपयाची दोन किंवा तीन नाणी एकावर एक ठेवा. पात्याची पाठ दगडापासून तेवढी उचलायची, तीन नाण्यांनी कोन जरा मोठा येतो. पहिल्यांदा नाणी खरोखर ठेवून बघा, हाताला उंची कळली की काढून टाका. मग दगडाचा पातळ पापुद्रा काढायचाय असं समजून धार पुढे ठेवून, बुडापासून टोकापर्यंत हळू सरकवा. जोर नको. दहा-पंधरा वेळा.

आता दुसऱ्या अंगाला अंगठा लावून बघा. धारेच्या बाजूनं नाही हं, पाठीकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेनं हलकेच. कडेला काहीतरी खरखरीत अडकल्यासारखं लागेल. त्याला आमचे हे 'बर' म्हणतात. बुडापासून टोकापर्यंत सगळीकडे बर लागला तरच पातं उलटायचं. मी वर्षभर बर न बघताच उलटसुलट घासत होते आणि दगडाला दोष देत होते. दुसरी बाजू तशीच झाली की एक हात इकडे, एक हात तिकडे, अगदी हलके चार-सहा. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर, या वेळी पाठ पुढे आणि धार मागे, वीसेक वेळा. टोमॅटोवर नुसतं पातं ठेवून ओढा. न दाबता साल उघडली तर झालं.

निसणा नसेल आणि पाहुणे दारात असतील तर चिनीमातीचा कप पालथा घाला. बुडाला जी खडबडीत, बिनचकाकीची कड असते तिच्यावर त्याच कोनात पाच-सहा हात मारा. वेळ निभावते.

चाकूत गूळ, पर्समधला भुगा आणि बडीशेप हमखास शिरते. महिन्यातून एकदा उघडून कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं जुना टूथब्रश फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि खिळ्यापाशी तेलाचा एकच थेंब. शेंगदाण्याचं तेल नको, ते महिन्याभरात गोंदासारखं चिकट होतं. फळं कापत असाल तर औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन चांगलं.

कुठं न्यायचा नाही तेही सांगते. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या सामानात टाका. मी विसरले आणि एक चाकू तपासणीच्या टेबलावर कायमचा सोडून आले. कोर्ट, परीक्षा केंद्र, सभा इथेही नाही. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (सजवलेले चित्ररथ) आणि रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) बघायला जाताना मी तो कपाटातच ठेवते. अशा दिवसांत प्रशासनाचे वेगळे मनाई आदेशही निघतात, आणि गर्दीत पोलिसानं विचारलं तर "जाम कापायला" हे उत्तर कितीही खरं असलं तरी रात्री अकराला पटत नाही.

शेजारच्या मुलीनं विचारलं, काकू, रात्री क्लासवरून येताना संरक्षणाला ठेवू का? तिला स्पष्ट नाही म्हटलं. दोन हातांनी, नखानं उघडायची वस्तू झटापटीत उघडत नाही, आणि उघडलीच तर आधी आपलाच हात कापते. त्यासाठी उजेडाचा रस्ता, चालू फोन आणि पळता येईल अशी चप्पल.

नात नऊ वर्षांची आहे, तिला अजून स्वतःचा दिलेला नाही. रविवारी माझ्यासमोर पाटावर बसून पेन्सिल तासते. कोपर मांडीला टेकलेलं, पातं अंगापासून दूर, आणि डाव्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून तेवढ्यानंच पुढे रेटायचं, मनगट हलवायचं नाही. शार्पनर तिच्या कंपासात असतोच, तरी ती हेच मागते. टोक वाकडंतिकडं येतं. मग पातं पुसून मी जामाच्या फोडी करते, वर मीठ आणि जीरावन. तिला बियांचा भाग काढून लागतो, तो मी खाते.