हॉटस्पॉटवर लॅपटॉप? आधी 'मीटर्ड' करा

जत, आटपाडीकडे वस्तीवर अजून बऱ्याच जणांचा लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवरच चालतो. रोजचा दीड जीबी दुपारीच संपला की शिव्या कंपनीला, पण डेटा खाणारा बहुधा लॅपटॉपातच बसलेला असतो.

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, डेटा युसेज असं जा. गेल्या 30 दिवसांत कोणत्या अ‍ॅपनं किती डेटा ओढला ते तिथं दिसतं. बऱ्याचदा 'सिस्टीम', ब्राउझर नाहीतर वनड्राइव्ह (फाइली नेटवर साठवणारं अ‍ॅप) यादीत सगळ्यात वर असतात. आत्ता या क्षणी कोण ओढतंय ते बघायचं तर स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधून नेटवर्कचा टॅब उघडा.

खरा इलाज एकच: वाय-फायमध्ये आपल्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीज उघडून 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, म्हणजे इथला डेटा मोजका आहे असं विंडोजला कळतं. मग विंडोजचे बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत. पण महिनोन्‌महिने अपडेट टाळू नका. सांगली-मिरजेला कुणाकडं ब्रॉडबँड असेल तिथं जाऊन उरकून घ्या.

डेटा युसेजमध्ये लिमिटही टाकता येतं, मात्र ते फक्त इशारा देतं, नेट तोडत नाही. आणि क्रोमला मीटर्डचं फारसं सोयरसुतक नाही; यूट्यूबची क्वालिटी हातानंच 480 वर आणावी लागते.