पावसाळ्याआधी शेडवर चढताय? या चुका टाळा

मे महिन्यात एमआयडीसीत चक्कर मारा, दर दोन-चार शेडआड एका छपरावर माणसं दिसतील. पाऊस यायच्या आत गळती काढायची असते. अंगात सेफ्टी बेल्ट असतो, वर्क परमिटला, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीला, त्याचा फोटोही जोडलेला असतो. हूक मात्र कमरेलाच लोंबत असतो.

विचारलं की उत्तर ठरलेलं, "साहेब, अडकवू कुठं?" प्रश्न रास्त आहे. माणूस चढण्याआधी लाइफलाइन, म्हणजे हूक अडकवायचा दोर, ताणलेली हवी, आणि ते काम फिटरचं नव्हे, कारखान्याचं. पडण्याची शक्यता असेल तिथे कठडा किंवा दुसरी सोय करा, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३२ मध्येच होतं. बेल्ट वाटले म्हणजे सोय झाली असं नाही.

काहीजण हूक पायाजवळच्या पर्लिनला, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या दांडीला, अडकवतात. आता हिशेब करा. बेल्टची दोरी १.८ मीटर, झटका शोषणारी शिवलेली पट्टी म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर उसवून साधारण १ मीटर, पाठीच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर. झाले ४.३. शेड जर साडेचार मीटरचं असेल, तर खालचं मशीन आधी लागेल, बेल्ट नंतर ताणेल. हूक डोक्याच्या वर असेल तर पडणं कितीतरी कमी होतं. दोरी दुहेरीच घ्या. एक हूक पुढे लावल्याशिवाय मागचा काढायचा नाही.

सिमेंट पत्र्यावर "बोल्टच्या ओळीवरून चाल, काही होत नाही" हा सल्ला मी जुन्याजाणत्या मिस्त्रींकडूनही ऐकलाय. साफ चूक. जुना पत्रा बोल्टच्या भोकाशीच तडकलेला असतो. त्याहून फसवा म्हणजे उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा. धूळ आणि शेवाळ बसलं की वरून तो शेजारच्या पत्र्यासारखाच करडा दिसतो. आधी शेडच्या आत उभं राहून वर बघा, उजेड कुठून येतो ते मोजा आणि त्या जागा वर रंगाने आखून घ्या. चालायचं ते पर्लिनवर टेकवून बांधलेल्या फळ्यांवरूनच.

एकदा झटका खाल्लेला बेल्ट धडधाकट दिसला तरी बाद. तो कापूनच टाका, नाहीतर आठवड्याभरात कुणीतरी स्टोअरमधून परत काढतो.

आणि लटकलेल्या माणसाला उतरवणार कसं? पट्ट्यांत निश्चल लटकलं की रक्त पायात साचतं, काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. आमच्याकडे सरावाच्या दिवशी शिडी होती, पण कुलपात. चावी पहिल्या पाळीच्या स्टोअरकीपरच्या खिशात, आणि तो घरी गेलेला.