पहिली इलेक्ट्रिक सायकल: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

साध्या सायकललाच मोटर आणि बॅटरी बसवून ती इलेक्ट्रिक करायची असेल, तर आधी बॅटरी ठरवा, मोटर नंतर. घरापासून कामापर्यंत, समजा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत, जाऊन-येऊन रोजचे किती किलोमीटर होतात ते मोजा. पॅडल मारत चालवली तर किलोमीटरला साधारण १० ते १२ वॅट-तास लागतात, म्हणजे ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची (३६ × १० = ३६० वॅट-तासांची) बॅटरी ३० किलोमीटर नेते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून थोडी जड असली तरी उष्णता जास्त सोसणारी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी घ्या. तिच्या १२ सेलच्या पॅकला ४३.८ व्होल्टचाच चार्जर लागतो. बॅटरीला जपणारं सर्किट म्हणजे बीएमएस; त्याची अँपिअर क्षमता कंट्रोलरच्या (मोटरला वीज सोडणाऱ्या भागाच्या) कमाल अँपिअरपेक्षा मोठी हवी, नाहीतर चढावर सायकल अचानक बंद पडते.

मोटर म्हणून २५० वॅटची हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी) पुरे. आपलं शहर बऱ्यापैकी सपाट आहे. मोटर तिथे बसेल ना हे कळायला खरेदीआधी मागच्या फोर्कच्या आतलं, चाक बसतं तिथलं अंतर पट्टीनं मोजा, बहुतेक गिअरच्या सायकलींत ते १३५ मिलिमीटर असतं.

टॉर्क आर्म (मोटरचा एक्सल, म्हणजे आस, फिरू न देणारी धातूची पट्टी) मात्र टाळू नका. तो नसला की एक्सल फोर्कच्या खाचेत फिरतो, वायर पिळून तुटते. ब्रेकचे रबर गुळगुळीत झाले असतील तर आधी तेच बदला. डिस्प्ले नसला तरी चालतं.