दोन गोड फ्रूटी परफ्युम्समधून एक कसा निवडायचा

व्हिवा ला ज्युसी घेऊ की ला वी ए बेल, असं कन्फ्युजन असेल तर बाटलीचं झाकण उघडून वास घेऊन ठरवू नका, कारण पहिली दहा-पंधरा मिनिटं दोन्हींत फळंच पुढे असतात, पहिल्यात बेरी फळं आणि मँडरिन (संत्र्यासारखं फळ), दुसऱ्यात पेअर आणि ब्लॅककरंट, आणि तेव्हा दोन्ही छानच वाटतात. फळांचा हा वास लवकर उडून जातो, खरा परफ्युम त्यानंतर कळतो. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरा असा एकेकच स्प्रे मारा, मनगटं एकमेकांवर घासू नका (दोन्ही वास मिसळले की तुलनाच संपली), आणि सरळ आपल्या कामाला लागा. तीन-चार तासांनी हुंगून बघा.

व्हिवा ला ज्युसी शेवटी कॅरमल-व्हॅनिलावर येतो, एकदम खेळकर, मिठाईसारखा गोड. ला वी ए बेलमध्येही प्रालिन (साखरेत घोळवलेल्या सुक्यामेव्याची मिठाई) आणि व्हॅनिला आहे, गोडवा कमी नाही हां, पण आयरिस या फुलझाडामुळे थोडी पावडरी झाक येते आणि पॅचुली या मातकट वासाच्या वनस्पतीमुळे वास जरा भारदस्त होतो. ऑफिसला किंवा संध्याकाळच्या कार्यक्रमाला मी तरी हाच सुचवेन, आणि मित्रमैत्रिणींबरोबर भटकायला पहिला.

उकाड्यात दोन्ही अंगावर येतात, तेव्हा एकच स्प्रे पुरे. आणि तुलना करताना दोन्हींचं ओ द पार्फ्युमच (जास्त तीव्र प्रकार) घ्या, एक ओ द टॉयलेट असेल तर तो मुळातच हलका असतो.