परिमेय फलाचा प्रांत: काटाकाट करण्याआधी छेद पाहावा

इंदूरच्या मराठी घरात गणिताचा अभ्यास घेताना पहिली अडचण शब्दांची येते. मुलांच्या हिंदी पुस्तकात ‘फलन’, ‘हर’ आणि ‘गुणनखंड’ असतात, तर घरातली मोठी माणसे ‘फल’, ‘छेद’ आणि ‘अवयव’ म्हणतात. ‘अंश’ आणि ‘प्रांत’ मात्र दोन्हीकडे तेच आहेत.

दोन बहुपदींच्या भागाकाराने बनलेले फल म्हणजे परिमेय फल, आणि क्ष च्या ज्या वास्तव किमतींसाठी त्याला किंमत असते त्यांचा संच म्हणजे त्याचा प्रांत. शून्याने भागता येत नाही, म्हणून छेदाला शून्य करणाऱ्या किमती तेवढ्या वगळायच्या. छेद शून्य नसताना अंश शून्य झाला, तर फलाची किंमत शून्य येते, इतकेच.

फ(क्ष) = (क्ष² − ९) / (क्ष² − क्ष − ६) हे उदाहरण घ्यावे. छेदाचे अवयव (क्ष − ३)(क्ष + २) असल्यामुळे ३ आणि −२ वगळून उरलेल्या सर्व वास्तव संख्या हा प्रांत होय. हुशार मुलेसुद्धा चुकतात ती इथेच: अंशाचे अवयव (क्ष − ३)(क्ष + ३) दिसताच ती (क्ष − ३) काटतात आणि उरलेल्या (क्ष + ३) / (क्ष + २) कडे पाहून फक्त −२ वगळतात. वास्तविक क्ष = ३ घेतल्यास मूळ फलात ०/० येते; संक्षिप्त रूपाची तिथली किंमत ६/५ असली, तरी मूळ फलाच्या आलेखात त्या जागी छिद्रच राहते.

४ / (१ + २/क्ष) यासारख्या अपूर्णांकात तर छेदाच्या पोटात आणखी एक छेद दडलेला असतो. आतल्या छेदामुळे ० आणि बाहेरच्या छेदामुळे −२ वगळावा लागतो. आधीच ४क्ष / (क्ष + २) असे सोपे रूप दिले, तर ० नजरेतून निसटतो.

क्ष² असलेल्या छेदाचे अवयव पडत नसतील, तर विवेचक (क्ष च्या सहगुणकाच्या वर्गातून क्ष² चा सहगुणक आणि स्थिर पद यांच्या गुणाकाराची चौपट वजा करून येणारी संख्या) काढावा. क्ष² + २क्ष + ५ चा विवेचक ४ − २० = −१६ असा ऋण असल्याने हा छेद कधीच शून्य होत नाही आणि काहीही वगळावे लागत नाही.

शाब्दिक उदाहरणात मात्र परिस्थितीही पाहावी लागते. इंदूर ते उज्जैन हे सुमारे ५५ किलोमीटरचे अंतर ताशी क्ष किलोमीटर वेगाने कापायला ५५/क्ष तास लागतात; सूत्र केवळ ० नाकारते, पण वेग ऋण घेण्यात अर्थ नसल्यामुळे तिथे क्ष > ० असेच लिहावे.