क्रूझवर बाल्कनीची खोली घ्यावी का? आधी तास मोजा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आतापर्यंत पाच घरांनी मला हा प्रश्न विचारलाय. मुंबई-गोवा करायचंय, सिंगापूर करायचंय, एजंट म्हणतो बाल्कनी घ्या, घेऊ का? मी बँकेत कर्जविभागात होते. समोरच्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि मग कागदावर आकडे मांडायचे, ही सवय तिथली. बाल्कनीबद्दलही मी प्रत्येकाला कागद-पेनच घ्यायला लावते.

कागदावर प्रवासाचा एकेक दिवस लिहा. प्रत्येक दिवशी असे तास शोधा, जेव्हा बोट चालू असेल, बाहेर उजेड असेल आणि तुम्ही जागे राहून खोलीत बसलेले असाल. तिन्ही गोष्टी एकदम हव्यात. बंदरात उतरून फिरायला गेलात तर ते तास धरायचे नाहीत. जेवणाचे, पोहण्याचे, रात्रीच्या कार्यक्रमाचे तर नाहीतच. उरतील ते तुमच्या बाल्कनीचे तास. मग आतली, म्हणजे बिनखिडकीची, खोली आणि बाल्कनीची खोली यांच्या भाड्यातला फरक घ्या आणि त्याला या तासांनी भागा.

फरक काढताना एक चूक फार जण करतात. जाहिरातीतलं भाडं माणशी असतं आणि दोघं एका खोलीत राहणार असं धरून लावलेलं असतं. म्हणजे खोलीचा फरक दुप्पट. एकटं माणूस जाणार असेल तर बहुतेक वेळा जवळजवळ दोघांचे पैसे भरावे लागतात, तेव्हा तोच दुप्पट फरक एकट्याच्या खिशातून जातो. बंदर शुल्क सहसा दोन्ही खोल्यांना सारखंच असतं, त्यामुळे ते या हिशोबात आणू नका.

आता माझे दोन हिशोब सांगते.

पहिला मुंबई-गोव्याचा. डिसेंबर महिना, मी आणि हे, दोघंच. पुण्याहून सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली, सीएसएमटीला उतरून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. बोट संध्याकाळी निघणार आणि डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहा वाजून गेले की बुडतो. निघतानाचा तो तासभर सगळेच वरच्या उघड्या डेकवर असतात आणि असावंच, कारण तिथून दोन्ही बाजू दिसतात, मागे कुलाबा आणि प्रोंग्स दीपगृह लांब लांब जाताना दिसतं. दुसऱ्या दिवशी गोव्यात उतरायचं होतं. सगळं धरून बाल्कनीचे तास तीनच भरले. फरक माणशी 9,000 रुपये, दोघांचे 18,000. तासाला 6,000 रुपये पडत होते. आम्ही आतली खोली घेतली आणि दोन रात्री गाढ झोपलो. मुंबईहून जाणारी कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही बोट 1990 सालची आहे. त्या काळातल्या बोटींवर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच असायच्या, म्हणून तिथे भाड्याची उडी मोठी असते. अलीकडच्या मोठ्या बोटींवर निम्म्याहून जास्त खोल्यांना बाल्कनी असते आणि फरक त्यामानाने कमी पडतो. एका बोटीवरचा अनुभव दुसरीला जसाच्या तसा लावू नये, ते यामुळे.

दुसरा हिशोब सिंगापूरचा. चार रात्री, पेनांग आणि फुकेत, परतीच्या वाटेवर एक अख्खा दिवस समुद्रात. या वेळी सासूबाई बरोबर होत्या, वय 84, दोन्ही गुडघे गेलेले, घरातसुद्धा वॉकर. त्या देवगडच्या. लग्नाआधी मुंबईला यायच्या ते बोटीनेच. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत जाणारी ती किनाऱ्याची बोट त्यांना अजून पाठ आहे. पडावातून बोटीवर चढायचं, डेकवर वळकटी पसरायची, आणि ज्याला बोट लागली त्याला लिंबू द्यायचं. त्यांना समुद्र बघायचा होता, आणि वरच्या डेकवर दिवसातून तीन-चारदा जाणं त्यांच्याने होणार नव्हतं. त्यांचे तास मांडले: पहिल्या संध्याकाळी 2, दुसऱ्या दिवशी सकाळी 4, तिसऱ्या संध्याकाळी 2, समुद्रातल्या दिवशी 8. एकूण 16. फरक माणशी 14,000, खोलीचे 28,000. तासाला 1,750.

आणि तो फरकही आम्ही एकाच खोलीचा भरला. चौघं होतो. मी आणि सासूबाई बाल्कनीच्या खोलीत, हे आणि मुलगा त्याच मजल्यावर समोरच्या आतल्या खोलीत. चहा घेऊन सगळे आमच्याकडेच. घरचे चार-पाच जण जाणार असाल तर ही वाटणी जरूर करा. एक बाल्कनी, बाकी आतल्या खोल्या, फक्त नंबर जवळजवळचे मागून घ्या.

सासूबाई पहाटे साडेपाचला उठून दारापाशी बसायच्या. सिंगापूरच्या बाहेर नांगर टाकलेल्या बोटींची गर्दी असते, रात्री सगळ्यांचे दिवे लागतात. पहिल्या रात्री त्या म्हणाल्या, “अगं, एवढ्या बोटी एका ठिकाणी मी भाऊच्या धक्क्यालासुद्धा नव्हत्या बघितल्या.” त्या 28,000 रुपयांबद्दल मला एकदाही वाईट वाटलं नाही.

पण एका गोष्टीने आमची फजिती झाली, ती तुमची होऊ नये. बाल्कनीच्या दाराला उंच उंबरा असतो, पाणी आत येऊ नये म्हणून. वॉकर त्यावरून जाईना. शेवटी मी आणि मुलगा दोन्ही बाजूंनी धरून त्यांना बाहेर न्यायचो. व्हीलचेअर किंवा वॉकर असेल तर बुकिंग करतानाच उतार असलेली, अपंगांसाठीची खोली मागा. त्या खोल्या थोड्या असतात आणि लवकर जातात.

आता खोली कुठली, याचं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण पैसे वाया जातात ते इथेच. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने एका एजंटकडून बाल्कनीची खोली घेतली. आत जाऊन पडदा सरकवला तर समोर लाइफबोट, केशरी रंगाची, अख्खा समुद्र झाकणारी. पावतीवर बारीक अक्षरात ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता. म्हणून बोटीचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, उघडा, खोलीचा नंबर शोधा आणि बाहेरच्या बाजूला लाइफबोटी कुठे टांगल्यात ते बघा. मग वरचा आणि खालचा मजला बघा. वर पोहण्याचा तलाव असला तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली नाचगाण्याचा हॉल असला तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. वरही खोल्या, खालीही खोल्या, अशी मधली खोली सगळ्यात शांत.

काही मोठ्या बोटींवर ‘बाल्कनी’ बोटीच्या आतल्या बाजूला उघडते. 2009 च्या ओएसिस ऑफ द सीजवर मधोमध बाग आहे आणि तिच्यावर खोल्यांच्या बाल्कन्या आहेत. बाग छान असेल, पण तुम्हाला समुद्र हवा असेल तर बुकिंगमध्ये बाल्कनी या शब्दाच्या पुढे काय लिहिलंय ते वाचा. कठडा काचेचा आहे की पत्र्याचा, हेही विचारा. पत्र्याचा असला तर खुर्चीत बसल्यावर फक्त आभाळ दिसतं. ‘गॅरंटी’ नावाची स्वस्त खोली घेतलीत तर नंबर कंपनी ठरवते, तेव्हा यातलं काहीच तुमच्या हातात राहत नाही. ज्याला खिडकीशी देणंघेणं नाही, त्याने ती खुशाल घ्यावी.

ज्यांना बोट लागते त्यांनी बाल्कनीपेक्षा जागेकडे बघावं. बोटीच्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे सगळ्यात कमी लागतात, पुढच्या टोकाला आणि उंचावर जास्त. दूरच्या क्षितिजाकडे बघत मोकळ्या हवेत बसल्याने बरं वाटतं, हे खरं. पण त्यासाठी पुढच्या टोकाची दहाव्या मजल्यावरची बाल्कनी घेतलीत तर उपायापेक्षा त्रासच वाढेल. गोळ्या डॉक्टरांना विचारून पुण्याहूनच न्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा खोलीत पोचायला संध्याकाळ होते.

बाजू कुठली घ्यावी? मुंबईहून गोव्याला जाताना कोकणचा किनारा डाव्या हाताला, म्हणजे बोटीवाल्यांच्या भाषेत पोर्टला, आणि सूर्यास्त उजव्या हाताला, स्टारबोर्डला. येताना उलट. किनारा बराच लांब असतो, रात्री दिवे तेवढे दिसतात, म्हणून मी सूर्यास्ताची बाजू घेईन. सिंगापूरहून पेनांगला जाताना मलेशियाचा किनारा उजवीकडे आणि मावळता सूर्य डावीकडे.

आतल्या खोलीची भीती वाटणाऱ्यांसाठी एक चाचणी आहे, पैसे लागत नाहीत. घरातली लहान खोली निवडा, दहा बाय बारा-पंधराची. खिडक्यांना जाड चादरी लावा, दार बंद करा आणि एक अख्खी दुपार तिथे काढा. झोप छान लागली तर आतली खोली तुमच्यासाठी आहे. तासाभरात कोंडल्यासारखं झालं, किती वाजले ते सारखं बघावंसं वाटलं, तर आतली घेऊ नका. पण लगेच बाल्कनीवरही जाऊ नका. मध्ये एक पायरी आहे, खिडकीची खोली. काच उघडत नाही, पण उजेड येतो आणि दिवस उगवल्याचं कळतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना तेवढंच हवं होतं आणि त्यांचे बरेच पैसे वाचले. आतल्या खोलीत राहिलात तर टीव्हीवर बोटीच्या पुढच्या टोकावरच्या कॅमेऱ्याचं चॅनेल आहे का बघा. आवाज बंद करून ते रात्रभर चालू ठेवायचं. पहाट झाली की पडदा उजळतो, आम्ही गोव्याला जाताना असंच उठलो.

दुसरी चाचणी घरच्या गॅलरीची. गेल्या महिन्यात तुम्ही स्वतःच्या गॅलरीत नुसते किती वेळ बसलात? आमच्या इमारतीत बहुतेक गॅलऱ्यांना जाळी आहे आणि दोरीवर कपडे. एरवी तिथे न बसणारा माणूस बोटीवर बसतोही, पण पहिला दिवस. तिसऱ्या दिवशी तो खाली नाश्त्याला असतो.

आणि दोरी नेऊ नका. बोट 20 नॉटने जात असेल तर तो वेग ताशी 37 किलोमीटर झाला, स्कूटरवर लागतो तेवढा वारा. टॉवेल उडून समुद्रात जातो, शिवाय कठड्यावर काही वाळत घालायला मनाई असते. बाल्कनीचं दार उघडं टाकून एसी लावू नका, दमट हवा आत येऊन फरशी ओली होते. लहान मुलं बरोबर असतील तर खुर्ची कठड्यापासून लांब ठेवा आणि रात्री दाराची वरची कडी स्वतः तपासा.

सध्या माझी धाकटी बहीण नॉर्वेचं बघतेय, जूनमधलं. तिच्यासाठी तोच कागद मी गेल्या रविवारी परत काढला. तिथे गेरांगर नावाचा फियॉर्ड आहे, म्हणजे डोंगरांमध्ये आत घुसलेला समुद्राचा चिंचोळा फाटा. जूनमध्ये त्या भागात रात्री अकराच्या सुमारापर्यंत उजेड असतो, म्हणजे जेवण उरकून आल्यावरही तास शिल्लक राहतात. तो फियॉर्ड सुमारे 15 किलोमीटरचा, पुढे वाट नाही, बोट आत जाते आणि वळून त्याच वाटेने बाहेर येते, त्यामुळे डावी बाजू की उजवी हा प्रश्नच उरत नाही. बाल्कनीचे तास निघाले 31. फरक मोठा होता, तरी भागाकार सिंगापूरच्या खाली आला. तिने बाल्कनी नक्की केली, डेक प्लॅनवर खोली लाइफबोटींपासून दूर आहे ना ते माझ्याकडून तपासून घेतलं, आणि आता दोघांसाठी जाड कानटोप्या शोधतेय.