उजाड जगातली प्रेमकथा कशी वाचावी

जग उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या प्रेमकथांची नवी पुस्तकमालिका हाती घेतली की मी आधी सुरुवातीचं पान वाचते. काळोख्या प्रेमकथांमध्ये तिथे बऱ्याचदा आशयाची सूचना असते: कैद, जबरदस्ती, मुलांचे मृत्यू. ती वाचल्याने रहस्य फुटत नाही. एकदा मी ती न बघताच पुढे गेले आणि नायिका बापाला पुरते ते प्रकरण समोर आलं. माझे बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता. पुस्तक मिटलं. वर्षभराने उघडलं, तेव्हा तेच प्रकरण मी दोनदा वाचलं.

भाग प्रकाशनाच्या क्रमानेच वाचा. ‘१.५’ असा आकडा असलेली, पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधली छोटी कथा अनेकदा नंतर लिहिलेली असते, आणि तिच्यात पुढची गुपितं निसटतात. सगळ्या भागांत एकच जोडपं असेल तर पहिल्याचा शेवट ताटातुटीवर होण्याची शक्यता मोठी. दुसरा जवळ असू द्या.

आता माझी खरी सवय. वहीत मी प्रत्येक पात्राजवळ काय आहे ते लिहिते: पाणी, औषध, चाकू, चपला. एका मालिकेत नायक पहिल्या भागात पाण्याचा डबा मनगटाला बांधून झोपायचा. तिसऱ्या भागात डबा नायिकेच्या उशाशी होता आणि तो डब्याकडे पाठ करून झोपला होता. लेखिकेने त्यावर अवाक्षर काढलेलं नाही. नोंद नसती तर मी पान उलटून गेले असते. उद्याची खात्री नसलेल्या जगात प्रेम अशाच वस्तूंमधून हलतं, म्हणून घाईने वाचू नका.

‘अपोकॅलिप्स’ म्हणजे जगाचा विनाश, पण त्या शब्दाच्या ग्रीक मुळाचा अर्थ आवरण दूर होणं. जग साथीने बुडालं की शापाने, यात मी फार अडकत नाही. त्यात कोण उघडं पडलं ते बघते. जादू असेल तर तिची किंमत कोण मोजतं, तेही.

नायक क्रूर असेल तर माझी कसोटी ठरलेली आहे. तिने नाही म्हटल्यावर तो थांबायला शिकतो का? पुढच्या भागांत निर्णय तिच्या हाती येतात का? दोन भागांत तसं दिसलं नाही तर मी मालिका सोडते, कितीही गाजलेली असो.

रात्री थांबायचं असेल तर प्रकरणाच्या मध्येच थांबा, कारण शेवटची ओळ पुढे ओढण्यासाठीच लिहिलेली असते. नवा भाग येईपर्यंत वर्ष गेलं असेल, तर मागची दोन प्रकरणं आणि वहीची पानं चाळून मगच तो उघडा.